बोटीवरून उतरण्याचे नियम

मागच्या आठवड्यात भाचा येऊन गेला. धाकट्या बहिणीचा मुलगा. (नातेवाईक मंडळी ओळखतीलच. इतरांसाठी सांगतो, तो मोठ्या प्रवासी बोटीवर, म्हणजे हल्ली ज्याला क्रूझ म्हणतात तिच्यावर, स्वयंपाकघरात काम करतो.) पुन्हा कामावर जायचे म्हणून कागदपत्रांची जाडजूड फाईल सोबत होती. मी म्हटलं, "यातलं आता काय काय लागतं रे?" तर म्हणाला, "मामा, पासपोर्ट, मेडिकल अन् ते पिवळ्या तापाचं कार्ड. बस."

"अन् कोरोनाचं सर्टिफिकेट?"

"त्याले कोण इचारते आता!"

तो जेवायला बसला आणि मी फाईल चाळत राहिलो. लशीचे दाखले, नाकातल्या तपासणीचे रिपोर्ट, विलगीकरणाचे कागद, कुठल्या कुठल्या कार्यालयांचे शिक्के. २०२० ते २०२२ या काळात यातला एकेक कागद म्हणजे जीव की प्राण होता. आज रद्दी. इतिहासाचा मास्तर असल्यामुळे रद्दी दिसली की माझे डोके चालू लागते, त्याला इलाज नाही.

आमच्या पिंपळगाव राजाहून समुद्र चारशे-पाचशे किलोमीटरवर. मी स्वतः बोटीत बसलो तो एकदाच, शाळेच्या सहलीबरोबर घारापुरीला, आणि तेव्हा पोरांपेक्षा मास्तरांनाच जास्त उलट्या झाल्या! तेव्हा बोटीवरचे लिहायचा माझा अधिकार एवढाच. पण नियमांचे म्हणाल तर तो आपल्या सगळ्यांच्याच घरचा विषय आहे.

आठवीला, दहावीला गांधीजींवरचे धडे मी कितीतरी वर्षे शिकवले. डरबनला उतरल्यावर गोऱ्या जमावाने त्यांना मारले, एवढे पोरांना तोंडपाठ असे. पण त्याआधी काय झाले ते मी कधी नीट सांगितलेच नाही. १८९६ च्या नोव्हेंबरअखेर गांधीजी 'कुरलँड' नावाच्या आगबोटीने मुंबईहून निघाले. बरोबर कस्तुरबा, दोन मुलगे आणि विधवा बहिणीचा मुलगा. त्याच सुमारास 'नादेरी' ही दुसरी बोटही निघाली. दोन्हींवर मिळून आठशेच्या आसपास उतारू. दोन्ही बोटी १८ डिसेंबरला डरबनला लागल्या.

मुंबईत तेव्हा प्लेग होता. मांडवीत सप्टेंबरमध्ये डॉ. व्हिएगस यांनी तो ओळखला होता. डरबनचे डॉक्टर बोटीवर आले, त्यांनी उतारू तपासले. कुणालाही प्लेग नव्हता. पण प्लेगचे जंतू अंगात असले तर बाहेर पडायला जास्तीत जास्त तेवीस दिवस लागतात असे डॉक्टरांचे मत, म्हणून मुंबई सोडल्यापासून तेविसाव्या दिवसापर्यंत बोटीवरच थांबा असा हुकूम झाला. आता हिशेब करा. प्रवासातच अठरा दिवस गेलेले, म्हणजे राहिले पाच. इथपर्यंत मला काही गैर वाटत नाही. त्या वेळच्या माहितीप्रमाणे डॉक्टर बोलले. पण ते पाच दिवस संपले तरी उतरू देईनात. मुदत वाढत गेली. एकीकडे गावात गोऱ्यांच्या सभा चालल्या होत्या, उतारूंनी परत जावे म्हणून धमक्या चालल्या होत्या, परत जाणाऱ्यांना भाडे देऊ असेही सांगितले जात होते. शेवटी १३ जानेवारी १८९७ ला उतारू उतरले. म्हणजे डॉक्टरांच्या तेवीस दिवसांवर आणखी तीन आठवडे! प्लेगचे जंतू तेच, बोट तीच. मुदत लांबली ती जंतूंमुळे नव्हे.

याच जानेवारीच्या १० तारखेला, म्हणजे गांधीजी तिकडे बोटीवर अडकलेले असतानाच, इकडे मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉ. हाफकिन यांनी स्वतः तयार केलेली प्लेगची लस स्वतःलाच टोचून घेतली. आणि ४ फेब्रुवारीला साथरोगाचा कायदा आला. त्या कायद्यात रेल्वेच्या प्रवाशांची तपासणी आहे, बंदरातल्या बोटींचीही आहे. २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्र सरकारने लागू केला तो हाच १८९७ चा कायदा. सव्वाशे वर्षे टिकणारी वस्तू आपल्याकडे दुसरी कोणती असेल ती सांगा. असो.

आता माझ्या लहानपणचे. पंढरपूरला जायचे तर कॉलऱ्याची लस टोचून घ्यावी लागे. त्याशिवाय यात्रेत प्रवेश नाही. आम्ही नांदुऱ्याला गाडीत बसून मनमाड, दौंड करत कुर्डूवाडीला उतरायचो आणि तिथून बार्शी लाईटची ती छोटी गाडी धरायचो. दंड सुजायचा, रात्री ताप भरायचा, पण हातात चिठ्ठी मिळायची. आजी सुईला भारी भ्यायची. एका वर्षी शेजारच्या एका बाईचे जाणे रद्द झाले. तिने आधीच टोचून घेतले होते. आजीने तिची चिठ्ठी मागून घेतली आणि त्या बाईच्या नावावर विठोबाचे दर्शन घेऊन आली! चिठ्ठी पाहणाऱ्याने चिठ्ठी पाहिली, दंड पाहिला नाही. आम्ही पोरे कित्येक वर्षे आजीला त्या बाईच्या नावाने हाका मारून चिडवत असू. तिला काही झाले नाही हे नशीब. आज मास्तर म्हणून विचाराल तर ते चूकच होते.

पण गंमत अशी, की पुढे १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेनेच आंतरराष्ट्रीय प्रवासाच्या नियमांतून कॉलऱ्याच्या लशीचा दाखला काढून टाकला. कारण त्या वेळची लस थोडे महिने आणि अर्धवटच रक्षण करी, आणि टोचलेला माणूसही पोटात जंतू घेऊन सीमा ओलांडू शकत असे. दाखल्याने साथ अडत नाही हे कळले, दाखला गेला. देवीचा दाखला १९८१ मध्ये गेला, कारण देवीच गेली. पिवळ्या तापाच्या कार्डावर पूर्वी दहा वर्षांची मुदत असे. एकदा टोचले की जन्मभर पुरते असे अभ्यासातून दिसले आणि जुलै २०१६ पासून ते कार्ड जन्मभर चालू लागले. असे नियम बदलले की मला बरे वाटते. आधी चूक समजली, मग कागद बदलला.

कोरोनात मात्र सगळेच एकत्र कालवले गेले. माहितीही बदलत होती, भीतीही बदलत होती. कोणता नियम कशामुळे बदलला हे त्या वेळी कुणाला सांगता आले नसते.

'डायमंड प्रिन्सेस' ही बोट सर्वांना आठवत असेल. २०२० च्या फेब्रुवारीत जपानच्या योकोहामा बंदरात तिला अडवले. बोटीवर ३,७११ माणसे, त्यांतली ७१२ बाधित निघाली. भारतीय १३८, आणि त्यांतले उतारू किती? सहा. बाकी १३२ जण कामाला. उतारूंना आपापल्या खोलीत बसून राहायला सांगितले होते. त्यांचे जेवण खोलीच्या दारापर्यंत नेऊन देणारे कोण? हेच लोक. ते एकत्र जेवत होते, एका खोलीत दोघे-दोघे झोपत होते. चौदा दिवसांचा नियम एकच, पण तो वरच्या मजल्यावर वेगळा होता आणि खालच्या मजल्यावर वेगळा. बातम्या पाहताना बहीण मला रोज फोन करी, "दादा, त्याची बोट तर ही नाही ना?" ती नव्हती. त्याची बोट तेव्हा अमेरिकेच्या बाजूला होती.

१४ मार्चला अमेरिकेच्या सीडीसीने प्रवासी बोटींना बंदी केली. भाच्याच्या बोटीवरचे उतारू उतरून घरी गेले. कर्मचाऱ्यांना उतरता येईना. भारतात २२ मार्चपासून परदेशी विमाने बंद. अमेरिकेचा एप्रिलमधला नियम असा, की बोटीवरच्या कर्मचाऱ्यांनी नेहमीच्या विमानाने जायचेच नाही. मग जायचे कसे? आपल्या गृहमंत्रालयाने भारतीय खलाशांना उतरवून घेण्याचे नियम २१ एप्रिलला काढले. दोन दिवसांनी 'मरेला डिस्कव्हरी' या बोटीवरचे सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी मुंबईत उतरले. ती बातमी मी बहिणीला वाचून दाखवली होती. पुढे काही बोटी आपले कर्मचारी घेऊन थेट मुंबई-गोव्याकडे निघाल्या, त्यांतल्या एकीवर हा होता.

मे महिन्यात बहीण गेली. कोरोना नाही, हृदयविकार. अंत्यविधी त्याने मोबाईलवर पाहिला. भर समुद्रात रेंज येत-जात होती. पुढे बोट मुंबईबाहेर उभी राहिली, तपासणी झाली, हॉटेलात विलगीकरण झाले, पास मिळाला. हातात निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन तो गावी आला तर गावकऱ्यांनी वेशीवरच अडवले. रिपोर्ट मुंबईचा, तो इथे चालणार नाही, आणखी चौदा दिवस शाळेत राहा! आईच्या फोटोला हार घालायला घर पाच मिनिटांवर आणि हा शाळेच्या खोलीत. मी स्वतः पासष्टीच्या वरचा. आमच्या वयाच्या माणसांनी घराबाहेर पडू नये असे तेव्हा सरकार सांगत होते. तरी एकदा डबा घेऊन गेलो. तो खिडकीत, मी कंपाउंडबाहेर. म्हणाला, "मामा, तुमी कायले आले? तुमाले काई झालं तं?" बाकी काही बोललो नाही आम्ही.

त्या गावकऱ्यांचा मला फार राग आला होता. तो मी इथे लिहूनही काढला असता. पण खरे सांगायचे तर मार्चमध्ये आमच्याच गल्लीत पुण्याहून आलेल्या एका पोराला घरी येऊ देऊ नका, शाळेत ठेवा, असे म्हणणाऱ्यांत मी होतो. माझे म्हणणे लोकांनी मानले ते मी मास्तर म्हणून. त्या पोराला काहीही झालेले नव्हते. त्याची आई आजही मला रस्त्यात नमस्कार करते, आणि मला तिच्याकडे पाहवत नाही. डरबनच्या त्या सभांचे वाचताना मला हे आठवत राहते. त्यांच्यात आणि माझ्यात फरक आहे, नाही असे नाही. पण मी समजत होतो तेवढा नाही.

२०२१ मध्ये वेगळीच तऱ्हा. सरकारी दवाखान्यात त्या दिवशी कोव्हॅक्सिन होती, त्याने ती घेतली. आपल्या हातात निवड कुठे होती? पुढे कळले की जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ती नाही, म्हणून कंपनी कामावर घेईना. कोव्हिशिल्डवाल्याला बोलावणे आले, हा घरी. ३ नोव्हेंबर २०२१ ला कोव्हॅक्सिन त्या यादीत आली आणि हा 'लसवंत' झाला! दंडातली लस तीच, आदल्या दिवशी होती तीच. कोव्हिशिल्डवाल्यांनाही सुख नव्हते म्हणा. त्याच ऑक्टोबरमध्ये ब्रिटनने लस मान्य पण भारताचा दाखला अमान्य असे करून ठेवले होते, मग आपणही त्यांच्या प्रवाशांना तसाच नियम लावला, तेव्हा कुठे ते सुतासारखे सरळ आले.

आणि मग २०२२ चे नवे वर्ष. मुंबई-गोवा 'कॉर्डेलिया' बोट. (तीन महिन्यांपूर्वीच तिचे नाव भलत्याच कारणाने गाजले होते, ते सोडा.) बोटीवर दोन हजारांच्या आसपास माणसे, दोन डोस आणि तपासणी या अटींवर चढलेली. एक कर्मचारी बाधित निघाला म्हणून मुरगावला सगळ्यांची तपासणी केली तर ६६ बाधित. बोट मुंबईला परत. तिथे पुन्हा तपासले तर आणखी शंभराहून अधिक! ओमायक्रॉनचा काळ तो. पोरे हसत होती, "काय उपयोग झाला दाखल्याचा?" मी म्हटले, अरे, बाधित झाले पण लशीमुळे बहुतेकांचे थोडक्यात निभावले, त्या हिशेबाने उपयोग झालाच. लस माणसाला वाचवत होती. बोटीला वाचवायचे काम दाखल्यावर टाकले होते, ते काही त्याला जमले नाही. माझ्या आजीची चिठ्ठी खोटी होती, यांचे दाखले खरे होते, तरीसुद्धा.

पुढे नियम गळत गेले. अमेरिकेला विमानाने जाताना लागणारी तपासणी १२ जून २०२२ ला गेली. सीडीसीचा बोटींसाठीचा कार्यक्रम १८ जुलैला संपला. कंपन्यांनी हळूहळू लशीची अट सोडली. आपल्याकडचा 'एअर सुविधा' अर्ज नोव्हेंबरमध्ये बंद झाला. नियम येताना वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात येतात, जाताना कुठेतरी आतल्या पानावर.

भाचा जेवून उठला. मी म्हटले, यातले नको ते कागद काढून टाकू का, फाईल हलकी होईल. त्याने बहुतेक सगळे काढून दिले, फक्त एक परत मागून घेतला. शाळेतल्या विलगीकरणातून सोडल्याचा, ग्रामपंचायतीच्या शिक्क्याचा. म्हणाला, "हा राहू द्या मामा." मी विचारले नाही.

शनिवारी त्याची गाडी आहे, नांदुऱ्याहून.