ऐकणारांचा इतिहास

संगीताचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे गवयांचीं घराणीं, राजांचे दरबार आणि ग्रंथकारांचीं नांवें एवढ्यांवरच बहुधा लेखणी फिरते. ज्याच्यासाठीं हा सर्व खटाटोप झाला, तो ऐकणारा मात्र पानाबाहेर राहतो. आमचें म्हणणें असें कीं, गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांच्या महाराष्ट्रीय संगीताचा मोठा भाग या ऐकणाराच्याच पदरीं आहे. आणि तो त्याच्याकडून वेळींच लिहवून घेतला नाहीं, तर कायमचा बुडेल.

ऐकणाराचा मान आमच्याकडे जुना आहे. जालना जिल्ह्यांत, घनसावंगी तालुक्यांत, जांब हें गांव आहे. समर्थ रामदासांचा जन्म इ. स. १६०८ मध्यें येथें झाला. त्यांच्या दासबोधाचा आरंभच मुळीं श्रोत्यांच्या प्रश्नानें होतो. आणि पुढें वीस दशकांच्या त्या विस्तारांत श्रोता वारंवार शंका घेतो व वक्त्यास तिचें उत्तर द्यावें लागतें. चौथ्या दशकाचा दुसरा समास कीर्तनभक्तीस वाहिलेला आहे, तर चौदाव्या दशकांत कीर्तनाचीं लक्षणें पुन्हां स्वतंत्रपणें सांगितलीं आहेत. दरबार आणि नाट्यगृह यांपासून दूर असलेल्या खेड्यांतून देवळाचा सभामंडप हीच संगीताची शाळा होती. बुवांनीं पूर्वरंगांत निरूपण करावें, उत्तररंगांत आख्यान लावावें, आणि पद, साकी, दिंडी, कटाव यांच्या ओघांत राग आणि ताल श्रोत्यांच्या कानीं सहज पडावे, असा हा क्रम. रागाचें नांव न जाणणारा शेतकरीही बेसूर झालेलें पद तेव्हांच ओळखतो, तो या शाळेच्या पुण्याईनें.

वाद्यांची गोष्ट अशीच आहे. बीन आणि मृदंग यांवर शास्त्रकारांनीं पानेंच्या पानें लिहिलीं. परंतु गोंधळांतील संबळ, तुणतुणें किंवा देवीच्या भक्तांचें चौंडकें यांकडे फारच थोड्यांनीं पाहिलें. वास्तविक चौंडक्याची रचना मोठी चतुराईची आहे. पोकळ लाकडी नळी एका बाजूस चामड्यानें मढवितात; त्या चामड्यांतून निघालेली तार एका हातानें ताणावयाची आणि दुसऱ्यानें छेडावयाची. ताण कमीजास्त होतांच नाद चढतो आणि उतरतो, आणि ताल देणारें वाद्य सुरांतही बोलूं लागतें. संबळाचीं दोन भांडीं, एक उंच नादाचें व एक खर्जाचें, कमरेस बांधून काठ्यांनीं वाजवितात. हीं वाद्यें संग्रहालयांत ठेवतां येतील. पण कोणत्या गांवीं कोणाचा हात नामांकित होता, हें त्या गांवच्या वृद्धांसच ठाऊक असतें.

हें केवळ खेड्यापुरतेंच खरें आहे असें वाचकांनीं समजूं नये. कलकत्त्यास गोहरजानच्या गाण्याची ध्वनिमुद्रिका इ. स. १९०२ मध्यें झाली. गायनाचार्य भास्करबुवा बखले इ. स. १९२२ मध्यें, तर अल्लादियाखाँसाहेब इ. स. १९४६ मध्यें वारले. म्हणजे यंत्र आल्यानंतर एकास वीस, तर दुसऱ्यास चव्वेचाळीस वर्षें मिळालीं. तरीही या दोन थोर गवयांचा कंठ आज आम्हांस ऐकावयास मिळत नाहीं. मास्तर कृष्णराव, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या शिष्यवर्गाच्या गाण्यावरून गुरूची तालीम कळते. पण स्वतः बुवा मैफलीस बसल्यावर काय होई, हें कळावयास ऐकणाराचीच साक्ष पाहिजे. गोविंदराव टेंबे हे स्वतः पेटीवादक व संगीतकार होते खरे, पण त्यांच्या इ. स. १९३९ च्या ‘माझा संगीत व्यासंग’ या पुस्तकाचें मोल ते उत्तम श्रोते होते यामुळेंच वाढलें आहे.

जेथें मुद्रिका आहेत, तेथेंही हें काम संपत नाहीं. अब्दुल करीमखाँसाहेबांचीं गाणीं आज घरोघरीं ऐकतां येतात. परंतु त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेंच मावत. विलंबित ख्यालाचा सावकाश उलगडणारा पसारा तींत बसावा कसा? मिरजेस मीरासाहेबांच्या दर्ग्यांत खाँसाहेब गाण्याची हजेरी लावीत, आणि इ. स. १९३७ मध्यें ते वारल्यावर त्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ तेथेंच संगीतसभा भरूं लागल्या. तबकडींत खाँसाहेबांचा सूर उरला. बैठकींतील वेळ, सभोंवतालची शांतता आणि श्रोत्यांची दाद मात्र बाहेरच राहिली.

पंडितांच्या निवाड्याहून ऐकणारांचा निवाडा कधीं कधीं अधिक टिकतो, याचें एक उदाहरण पेटीचें आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल व न्यायाधीश क्लेमेंट्स यांनीं बावीस श्रुति दाखविणारी निराळी पेटी सिद्ध करविली. इ. स. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेंत तीवर वाद झाला आणि ती सर्वमान्य झाली नाहीं. पुढें साध्या पेटीवरही आकाशवाणीनें इ. स. १९४० मध्यें बंदी घातली, ती तीस वर्षांवर टिकली. तथापि त्या सर्व काळांत कीर्तनांतून आणि मैफलींतून पेटी हालली नाहीं.

आतां कोणी म्हणेल, आठवणींवर विश्वास किती ठेवावा? गेलेला गवई दरवर्षीं थोडा मोठा होतो, हें आम्हांसही मान्य आहे. पण बखरींतही अतिशयोक्ति असते. म्हणून इतिहासकार बखर फेंकून देत नाहीं, ती ताडून पाहतो. तसेंच येथेंही करावें. एकाच मैफलीचें दोघांचें कथन जुळतें काय, शिष्यपरंपरेंत तीच चीज त्याच वळणानें येते काय, मुद्रिका असल्यास ती काय सांगते, हें पाहिलें म्हणजे फोल आणि धान्य वेगळें होतें.

मराठवाडा इ. स. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता, आणि संगीतावरील मराठी पुस्तकें बहुतांशीं पुण्या-मुंबईस छापलीं गेलीं. त्यामुळें घनसावंगीसारख्या ठिकाणच्या आठवणी कागदावर येण्याचा योग फार थोडा आला. तो आतां घरोघरच्या सुशिक्षितांनीं आणावा. आजोबांनीं ऐकलेलें कीर्तन कोणत्या देवळांतलें, बुवा कोण, मृदंगावर कोण, रात्र किती चढली होती; आजीच्या माहेरच्या गोंधळांत कोणतीं वाद्यें होतीं, आणि तीं आज कोणाच्या घरीं आहेत, एवढें जरी तिथीवारासह वहींत उतरलें, तरी पुढील इतिहासकारास आधार मिळेल. यास पांडित्य लागत नाहीं. एक संध्याकाळ आणि प्रश्न विचारण्याची हौस पुरे. सांगणारीं माणसें ऐंशी-नव्वदीच्या घरांत आहेत, म्हणून ही संध्याकाळ या महिन्यांतलीच असावी.