जेजेच्या पाटीवरचा ग्रँट

कोयना खोऱ्यात दुखणं हाताबाहेर गेलं की जुनी माणसं एकच बोलायची, ‘जेजेला न्या,’ म्हणजे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात. आमचं कोयनानगर हे धरणामुळं वसलेलं गाव. इथं गावाला नाव नदीचं, जलाशयाला शिवाजी महाराजांचं; साहेबाचं नाव कुठंच नाही. साहेबांची नावं मुंबईत, आणि मुंबई आमच्या ओळखीची. तेव्हा घरटी एक माणूस तिथं असायचा, कुणी गिरणीत, कुणी माथाडी.

लहानपणी वडिलांचं बोट धरून मीही जेजेला गेलो. केसपेपरच्या रांगेत उभं राहून समोरची पाटी एकेक अक्षर लावून वाचली: ‘ग्रँट मेडिकल कॉलेज’. शाळेत नुकताच इतिहासकार ग्रँट डफ शिकवून झाला होता. साताऱ्याचाच ग्रँट पुढं मुंबईला गेला, त्यानं डॉक्टरांचं कॉलेज काढलं, ग्रँट रोड स्टेशनलाही त्याचंच नाव पडलं, असा माझा सरळ हिशेब. आमच्या गुरुजींनीही तो खोडला नाही. पुढं कित्येक वर्षं मी तो लोकांना ठणकावून सांगत होतो.

साताऱ्याचा तो जेम्स ग्रँट. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवलं आणि शेजारी तिशीही न गाठलेला हा कॅप्टन नेमला. १८२२ पर्यंत तो साताऱ्यात होता. कारभार लावून देता देता त्यानं जुनी दफ्तरं उपसली आणि १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत छापला. ‘डफ’ हे शेपूट १८२५ चं, इस्टेटीच्या वारशाबरोबर आलेलं. म्हणजे साताऱ्यात होता तोवर गडी नुसता ग्रँटच! मुलाचं नाव त्यानं माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ठेवलं. आपल्याकडं आजोबाचं नाव नातवाला ठेवतात, इथं वरच्या साहेबाचं मुलाला. तो मुलगा पुढं मद्रासचा गव्हर्नर झाला.

पाटीवरचा ग्रँट निराळा. सर रॉबर्ट ग्रँट, १८३५ पासून मुंबईचा गव्हर्नर. स्टेशनही त्याच्याच नावाचं. आडनाव स्कॉटलंडच्या एकाच कुळाचं. तिकडं स्पे नदीकाठी ग्रँटाउन नावाचं गावच आहे. पण साताऱ्याच्या माणसाला या दोघांत सख्य दिसणं अवघड. पहिल्या ग्रँटनं ज्या राजाला हाताशी धरून कारभार शिकवला, त्याच राजावर दुसऱ्याच्या अमदानीत कटाचा आळ आला आणि १८३६ मध्ये चौकशी बसली. निकाल बघायला रॉबर्ट ग्रँट उरला नाही. महाराजांना १८३९ मध्ये पदच्युत केलं गेलं आणि त्यांच्या वतीनं रंगो बापूजी दाद मागायला लंडनपर्यंत गेले.

ही बाजू सातारकरांनी विसरू नये. मात्र कॉलेजाचं श्रेय रॉबर्ट ग्रँटलाच द्यावं लागतं. त्याच्या आधी, १८२६ मध्ये, मुंबईत डॉ. मॅक्लेनन यांच्या हाताखाली देशी भाषेतून वैद्यक शिकवणारी शाळा निघाली होती. ती १८३२ मध्ये बंद पडली. इथल्या मुलांना हे शास्त्र झेपत नाही, असं म्हणायला मग अनेकजण मोकळे झाले. रॉबर्ट ग्रँटनं तरीही विषय पुन्हा हाती घेतला. जुलै १८३८ मध्ये पुण्याजवळ दापोडीला तो वारला, आणि त्याच्या स्मारकासाठी जमलेला पैसा वैद्यकीय कॉलेजाकडं वळला. जमशेटजी जीजीभाईंनी रुग्णालयासाठी एक लाख रुपये दिले. १८४५ मध्ये कॉलेज आणि रुग्णालय शेजारी शेजारी सुरू झालं. कॉलेजाची धुरा डॉ. चार्ल्स मोरहेड यांच्याकडं.

१८५१ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. तिच्यात भाऊ दाजी लाड होते आणि पुढं प्रार्थना समाज स्थापन करणारे आत्माराम पांडुरंगही. शास्त्र झेपतं का, याचं उत्तर तिथंच मिळालं.

कॉलेजाचं आणि साताऱ्याचं खरं नातं मात्र कुणा ग्रँटमुळं नाही, हेन्री व्हॅन्डाइक कार्टरमुळं आहे. जगभरचे डॉक्टर ज्या शरीररचनेच्या पुस्तकाला ‘ग्रे’ म्हणतात, त्यातली चित्रं या कार्टरची. पुस्तक १८५८ मध्ये निघालं, नाव ग्रेचं झालं, आणि चित्रकार त्याच वर्षी मुंबईला येऊन ग्रँट कॉलेजात शिकवू लागला. मधली काही वर्षं तो साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. महारोग, अनवाणी राबणाऱ्यांच्या पायाला होणारा मदुरा रोग हे त्याचे अभ्यासाचे विषय.



१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. हाफकिन या शास्त्रज्ञानं त्यावरची लस तयार केली ती याच ग्रँट कॉलेजातल्या तुटपुंज्या जागेत, आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. कॉलेजाच्या वाटचालीत एकच पान ठेवायचं म्हटलं तर मी हेच ठेवीन.

आज पाटीवर कॉलेजाला ग्रँट आणि रुग्णालयाला जे. जे., अशी दोन्ही नावं आहेत. रोग्यांनी त्यातलं एकच उचललं.

गेल्या वर्षी आमच्या शेजारचा मुलगा ‘नीट’ पास होऊन तिथं गेला. त्याची आजी पेढे घेऊन दारात आली. ‘नातू जेजेला लागला,’ म्हणाली. आमच्या ओट्यावर बसलेल्या हेळवाकच्या पाहुण्यांनी हातातला चहा खाली ठेवला आणि घाबरून विचारलं, ‘आन् झालंय काय त्याला?’