एक मणका आणखी वर

मावशीची पाठ हा आमच्या घरात चेष्टेचा विषय होता. कार्य निघालं की हिची पाठ धरते, असं सगळे म्हणायचे. मीसुद्धा! मग पाय लटपटायला लागले आणि एमआरआयमध्ये दिसली ती मज्जारज्जूच्या आवरणावरची बोराएवढी गाठ. मेनिंजिओमा. कॅन्सर नव्हे, पण वाढता वाढता मज्जारज्जू दाबत होती. ऑपरेशन चालू असताना बाहेर बाकड्यावर बसून मी १८८७ सालची एक हकीगत आठवत होते.

लंडनमधले एक कॅप्टन, वय ४२. १८८४ पासून डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली कळा. डॉक्टर झाले, निदानं झाली, शेवटी दोन्ही पाय गेले. मग विल्यम गॉवर्स यांनी तपासलं. क्ष-किरणांचा शोध लागायचा होता १८९५ मध्ये! हाताशी काय, तर रोग्याने सांगितलेलं दुखणं, आणि कातडी कुठपर्यंत बधिर आहे याची पाहणी. एवढ्यावरून त्यांनी सांगितलं की गाठ आहे, आणि साधारण इथे आहे.

९ जूनला क्वीन स्क्वेअरच्या नॅशनल हॉस्पिटलमध्ये ३० वर्षांच्या व्हिक्टर हॉर्स्ली यांनी मणके उघडले. गाठ नाही! सहायक चार्ल्स बॅलन्स यांनी आणखी वर जायचा आग्रह धरला, असं सांगतात. हाड आणखी वर काढलं, आणि बदामाच्या आकाराची गाठ समोर आली.

चूक कुठे होती? कातडीच्या एकेका पट्ट्याला शेजारच्या नसाही संवेदना पुरवतात. त्यामुळे एक नस दबली तरी तिथे लगेच बधिरपणा येत नाही. तो खालून सुरू होतो, आणि गाठ असते त्याच्या वर. हे तेव्हा नीट उमगलेलं नव्हतं.

कॅप्टन पुन्हा चालू लागले, कामाला लागले. १८८८ मध्ये गॉवर्स-हॉर्स्लींनी हे प्रसिद्ध केलं. मज्जारज्जूवरची गाठ आधी ओळखून यशस्वीपणे काढल्याची ही पहिली नोंद मानतात.

आता गाठ नेमकी कुठे आहे ते यंत्र दाखवतं. पण यंत्रापर्यंत माणूस पोचायला आधी कुणीतरी त्याच्या दुखण्यावर विश्वास ठेवायला हवा ना? आम्ही घरच्यांनी तो ठेवला नाही.

असो. परवा मावशी वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत आली. "आता कर चेष्टा," म्हणाली.

मला काही बोलायला सुचलं नाही.