भटका अल्बट्रॉस व उपग्रहीय टेहळणी

दक्षिण महासागरावर आयुष्याचा बहुतांश काळ उडत काढणारा, साडेतीन मीटरपर्यंत पंखविस्तार असलेला हा पक्षी दोन वर्षांतून एकच अंडे घालीत असल्यामुळे, प्रौढ पक्ष्यांची अकाली हानी भरून निघणे अत्यंत दुष्कर असते. ट्यूना व टूथफिश यांसाठी सोडलेल्या, हजारो गळांच्या लांब दोऱ्या बुडण्यापूर्वी क्षणभर पृष्ठभागाजवळ राहतात; तेवढ्यात आमिषावर झडप घालणाऱ्या पक्ष्याच्या चोचीत गळ रुततो आणि तो दोरीबरोबर ओढला जाऊन पाण्यात गुदमरतो. गलबतामागे पताकांच्या दोऱ्या फडकत ठेवणे, दोरीला वजने बांधणे, रात्रीच गळ टाकणे, हे उपाय साधे आहेत; परंतु कोणत्याही देशाच्या हद्दीत न मोडणाऱ्या खुल्या समुद्रात ते पाळले जातात की नाही हे पाहणार कोण, हाच खरा प्रश्न होय.

या प्रश्नाचे एक उत्तर खुद्द पक्ष्यांकडूनच मिळाले. दक्षिण हिंदी महासागरातील क्रोझे बेटांवरील अल्बट्रॉसांचा उपग्रहाद्वारे मागोवा फ्रेंच संशोधकांनी १९८९ मध्येच घेतला होता. पुढे फ्रेंच संशोधक आंरी वायमर्स्कीर्श व सहकाऱ्यांनी १६९ पक्ष्यांच्या पाठीवर, गलबताच्या रडारची चाहूल लागताच त्याचे स्थान उपग्रहामार्फत कळविणारी लहान यंत्रे बसविली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आढळलेल्या ३५३ गलबतांपैकी सुमारे २८ टक्के गलबतांची, आपली ओळख व स्थान प्रसारित करणारी स्वयंचलित ओळख-यंत्रणा बंद होती. आंतरराष्ट्रीय जलक्षेत्रात हे प्रमाण ३७ टक्के भरले. ज्याचा जीव गळावर जातो, त्याच पक्ष्याने लपलेल्या गलबताचा ठावठिकाणा दप्तरी नोंदवावा, ही घटना विलक्षण हृदयस्पर्शी आहे. माशांच्या अवशेषांच्या लोभाने तो गलबताभोवती घिरट्या घालतो, आणि त्याच वेळी पाठीवरचे यंत्र आपले काम करीत असते.