विळ्याच्या आकाराचे रक्त

सातपुड्याच्या पायथ्याशी मास्तरकी करताना माझ्या हातून एक चूक घडली. वर्गातला एक भिल्ल मुलगा कवायतीच्या वेळी झाडाखाली बसून राही. 'सांधे दुखतात' म्हणे. कामचुकार म्हणून मी त्याला चारचौघांत बोललो, उन्हात उभे केले. पुढे रक्त तपासले तेव्हा कळले, की पोराला सिकलसेलचा आजार होता. त्या लाजेपोटी मी या आजाराचा इतिहास धुंडाळला. वाचकहो, फराळाच्या ताटाबरोबर आज तोच आपणापुढे ठेवतो.

१९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी, ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातील विळ्यासारख्या वाकड्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे, हे १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. प्रत्येकाला या जनुकाची एक प्रत आईकडून मिळते, एक बापाकडून. दोन्ही सदोष निघाल्या तर आजार. एकच सदोष असली तर माणूस वाहक, पण बहुधा धडधाकट. दोघे वाहक विवाहबद्ध झाले, तर प्रत्येक अपत्याला आजाराचा संभव चारांत एक.

मग प्रश्न असा, की डार्विनने १८५९ साली सांगितलेल्या नैसर्गिक निवडीने हा घातक दोष केव्हाच निपटून कसा काढला नाही?

उत्तर सापडले आफ्रिकेत. केनियात वाढलेले अँथनी ॲलिसन १९४९ साली, ऑक्सफर्डला शिकत असतानाच, तेथील जमातींचे रक्त तपासत हिंडले. समुद्रकिनारी व व्हिक्टोरिया सरोवराकाठी वाहक शेकडा वीसांहून अधिक. उंच पठारावर शेकडा एकही नाही. म्हणजे जेथे हिवताप, तेथे हे जनुक! १९५४ साली त्यांनी कारण मांडले : वाहक मुलांना हिवतापापासून संरक्षण मिळते. सदोष प्रत नसलेली कितीतरी मुले हिवतापाने जात, दोन असलेली या आजाराने; मधली तगत, मोठी होत, त्यांचा वंश वाढे. त्यांच्याबरोबर ते जनुकही पिढ्यान्पिढ्या टिकले. निसर्गाची निवड ही अशी असते. सर्वगुणसंपन्न कोण, हे तो पाहत नाही. त्या जागी, त्या हवेत कोण तगतो, एवढेच पाहतो.

भारतात हे जनुक १९५२ साली निलगिरीत आढळले. आपल्याकडे सातपुड्यातील भिल्ल-पावरा वस्त्यांत व गडचिरोलीच्या गोंड पाड्यांवरही ते आहे. २०२३ साली केंद्र सरकारने याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली.

ज्या जनुकाने त्या मुलाच्या आजेपणज्यांना हिवतापातून तारले, त्याचीच किंमत तो माझ्या मैदानावर भरीत होता. गेल्या दिवाळीत मी त्याच्या पाड्यावर जाऊन क्षमा मागितली.

"गुरुजी, तुम्हांला तरी कुठे ठाऊक होते!" तो हसून म्हणाला.

खरे आहे. पण उन्हात उभे करण्यापूर्वी मी विचारायला हवे होते.