मधुमेह : रात्रीची लक्षणे

मधुमेही व्यक्तीच्या रक्तातील साखर रात्री वाढल्याने किंवा उतरल्याने दिसणारी लक्षणे. तातडीचा धोका उतरण्यात अधिक. शरीर इशारा देते, पण झोपेत तो कळत नाही.

साखर वाढल्याच्या खुणा ओळखीच्या आहेत : लघवीला वारंवार उठणे, घशाला कोरड, पहाटेपर्यंत रिकामा होणारा तांब्या. दर डेसिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर साखर गेली की मूत्रपिंडांना ती पुरती शोषून घेता येत नाही आणि लघवीवाटे जाताना ती पाणीही ओढून नेते. उतारवयात प्रोस्टेटमुळेही उठावे लागते, हे विसरू नये. तळपायांची रात्रीची आग मात्र बहुधा मज्जातंतूंना झालेल्या इजेची.

साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घामाने कपडे भिजतात, भयंकर स्वप्ने पडतात, माणूस झोपेत बडबडतो, सकाळी डोके दुखते. हे रुग्णाआधी शेजारी झोपणाऱ्याच्या लक्षात येते, म्हणून माहिती घरच्यांनाच आधी द्यावी. रक्तदाबावरील बीटा-ब्लॉकर गोळ्यांनी धडधड व थरथर दबते. घाम तेवढा सुटतो. इन्शुलिन आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना साखर उतरण्याचा धोका जास्त, नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना क्वचितच. जेवण चुकणे, संध्याकाळचा जादा व्यायाम, मद्यपान ही निमित्ते. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत जेवण लांबवायचे आणि इन्शुलिन मात्र रोजच्या वेळी टोचायचे, हेही त्यातलेच.

सकाळची साखर जास्त आली म्हणून रात्रीचा डोस आपल्या मनाने वाढवणे हा आंधळा कारभार होय. पहाटे शरीरातील संप्रेरकांमुळे साखर आपोआप चढते. रात्री उतरलेली साखर सकाळी उसळी घेते, हा मायकेल सोमोजी यांचा १९३० च्या दशकातील सिद्धांत; साखर सतत मोजणाऱ्या यंत्रांच्या नोंदींनी त्याला फारसा दुजोरा दिलेला नाही. काही रात्री तीनच्या सुमारास ग्लुकोमीटरने तपासून ते आकडे डॉक्टरांना दाखवावेत.

साखर उतरली आणि रुग्ण शुद्धीवर असला तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, कमीच असेल तर पुन्हा द्यावे. आकडा सावरल्यावर पोळी किंवा बिस्किटे. पेढा, चॉकलेट यांतील स्निग्धांशामुळे साखर सावकाश शोषली जाते, म्हणून तातडीला ते उपयोगाचे नाहीत. वोग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांना ग्लुकोजच द्यावे, कारण या गोळ्या साध्या साखरेचे पचन लांबवतात.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांमुळे उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा घसरू शकते, त्यामुळे शुद्ध आली तरी रुग्णाला देखरेखीखाली ठेवावे लागते.