गाडी पुरी झाली म्हणजे काय?

जुनी मोटार घरीच दुरुस्त करणाऱ्या कुणालाही विचारा, सर्वांत अवघड काम कोणते? इंजिन असे उत्तर सहसा येत नाही. अवघड असते ते काम पुरे करणे. इंजिन बोलू लागते, पत्रा सरळ होतो, रंग चढतो. मग काचांची रबरे, दिव्यांच्या वायरी आणि दरवाजाची एखादी कडी यांत महिने निघून जातात. शिवाय एक प्रश्न उरतोच. गाडी पूर्ववत करायची, पण कोणत्या ‘पूर्वी’सारखी?

आपल्याकडे हा प्रश्न बहुधा फियाटपाशी पडतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, प्लायमथ अशा अमेरिकन गाड्यांची जुळणी झाली. नंतर इटलीची फियाट आली. गोल पाठीच्या ११०० ला लोकांनी ‘डुक्कर फियाट’ म्हटले, तेही लाडानेच. १९६४ मध्ये ‘डिलाइट’ आली आणि १९७४ पासून तीच ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. इंजिन १०८९ सीसीचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली.

ते परवान्यांचे दिवस होते. गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्यामुळे मिळालेली गाडी कुणी टाकून देत नसे. पत्रा ठोकून, सुटे भाग घासूनपुसून, प्रसंगी दुसऱ्या गाडीचा भाग बसवून ती चालती ठेवली जाई. हे करणारे उस्ताद कुर्ल्यात होते, भेंडीबाजारात होते, गावोगावच्या पिंपळाखाली होते. त्यांची बोली मराठी, उर्दू आणि कारखान्याच्या इंग्रजीचे मिश्रण होती. चोरबाजारातला सुटा भाग ते डोळे मिटून, नुसत्या बोटांनी ओळखत.

म्हणूनच फियाटला दोन इतिहास आहेत. एक कारखान्याचा, दुसरा उस्तादांच्या हातांचा. मूळ रंग शोधायचा तर पायाखालच्या गालिच्याखाली किंवा डॅशबोर्डच्या मागे पाहावे. तिथे तो बहुधा शाबूत सापडतो. पण मडगार्डवरचा जुना सांधा हाही त्या गाडीचा भूतकाळच आहे. तो साफ पुसून टाकावा का?

केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पन्नास वर्षे पुरी झालेल्या आणि फारसा फेरफार न झालेल्या खासगी गाडीची तशी नोंद होऊ शकते. १९७४ ची पद्मिनी आता या वयात आली आहे. नियम फेरफार पाहतात; त्यामागची माणसे मात्र कोणत्याच कागदावर नसतात.

ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे उतरली. तिच्यासोबत ते हातही हळूहळू निवृत्त होत आहेत. कवितेत कुठे थांबावे हे शब्द सांगतात. गाडीत ते वापर सांगतो. दिवे लागले, ब्रेक धरला, पावसात पाणी आत आले नाही, की थांबावे. एखादा जुना सांधा राहू द्यावा. आणि काय बदलले, कोणी बदलले, कोणाकडून शिकलो हे एका वहीत लिहून ती वही गाडीतच ठेवावी. त्या वहीत उस्तादाचे नाव लिहिले गेले, की गाडी पुरी झाली.